ट्राजनने दाचियाचे डोंगर जिंकले ते तलवारीने की कुदळ-फावड्याने?

कोरडा_पाऊस

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ट्राजनच्या स्तंभाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. छताखाली मावत नाही म्हणून तिचे दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभे केलेत. मूळ स्तंभ रोममध्ये, इ.स. ११३ मधला. पण तिथे जमिनीवरून कितीही मान वर केली तरी वरचे वेढे नीट दिसत नाहीत. इथे दिसतात.

स्तंभावर विषय एकच: दाचिया. म्हणजे आजचा रोमानिया, त्यातही मुख्यतः ट्रान्सिल्व्हानियाचा डोंगराळ भाग. तिथला राजा डेसिबॅलस आणि रोमन सम्राट ट्राजन यांची दोन युद्धं, १०१-१०२ आणि १०५-१०६. मी लढाया बघायला गेलो होतो. पण जिकडे बघावं तिकडे सैनिक झाडं तोडतायत, भिंती रचतायत, होड्यांत पिंपं भरतायत. अडीच हजारांहून जास्त माणसं कोरली आहेत आणि त्यातली बरीचशी अशी कामाला जुंपलेली.

आता प्रश्न. ट्राजनच्या आधी पंधराएक वर्षं डोमिशियन सम्राटाच्या काळात याच डोंगरांत रोमची नाचक्की झाली होती. डान्यूब नदी ओलांडून आलेल्या दाचियनांनी मोएशिया या नदीच्या दक्षिणेकडच्या रोमन प्रांताचा राज्यपाल मारला. सूड घ्यायला गेलेला सेनापती कॉर्नेलियस फुस्कस सैन्यासकट कापला गेला. पुढे ८८ मध्ये टापाए या खिंडीत रोमन जिंकले, पण ८९ चा तह असा की रोमनेच डेसिबॅलसला दरसाल पैसे द्यायचे आणि वर कारागीरही पुरवायचे! मग ट्राजन आला आणि पाच-सहा वर्षांत राज्यच संपलं. डोंगर तेच, सैन्यही साधारण तसंच. मग बदललं काय? माझं मत: हे युद्ध कुदळ-फावड्याने जिंकलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सुपारीफोड

दाचिया म्हटलं की मला डस्टर आठवते. युरोपात ती गाडी त्याच नावाने विकतात. डोंगर तीही चढते, तेही तह न करता.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

खडूस_पंतोजी

धागा चांगला, पण पुराव्याचं आधी बघू. स्तंभ ही सरकारी जाहिरात आहे. काढणारा कोण, पैसे कुणाचे, उभा कुठे, हे बघा. या युद्धावर ट्राजनने स्वतः लिहिलं होतं. त्यातलं आज उरलंय फक्त एक वाक्य: ‘तिथून आम्ही बेर्झोबिसला, मग आयझीला पोहोचलो.’ तेही प्रिस्कियन नावाच्या व्याकरणकाराने उदाहरणासाठी उचललं म्हणून. कासियस डिओ या रोमन इतिहासकाराने या काळावर लिहिलं ते सगळं मुळातून हाती नाही, अकराव्या शतकातल्या झिफिलिनस नावाच्या साधूने केलेल्या सारांशावर काम भागवावं लागतं.

आता स्तंभाकडे परत. बांधकाम करणारे दाखवलेत ते मुख्यतः लिजनचे, म्हणजे रोमन नागरिक असलेले सैनिक. प्रत्यक्ष मारामारीत पुढे आहेत ते साहाय्यक तुकड्यांतले, परप्रांतांतून भरती केलेले. शत्रूचं मुंडकं केसांनी दातात धरून लढणारा जो सैनिक आहे, तो असाच. नागरिक शिस्तीत भिंत बांधतोय आणि रक्ताने माखायचं काम दुसऱ्याकडे. तेव्हा ‘फावड्याने जिंकलं’ हे तुमचं मत नसून ट्राजनच्या प्रचारखात्याचं मत आहे.

कोरडा_पाऊस

@पंतोजी, साष्टांग दंडवत. पण जाहिरात म्हणून खोटंच असं कुठाय? रस्ता आणि पूल तर खरे होते ना.

मुळामुठा

रस्ते-पूल हा पोटापाण्याचा धंदा असल्याने घुसतो.

पूल खराच. आर्किटेक्ट दमास्कसचा अपोलोडोरस. लांबी साधारण ११३५ मीटर, पात्रात दगडी बांधणीचे २० खांब, वर लाकडी कमानी. एक टोक आजच्या रोमानियातल्या द्रोबेता-तुर्नू सेव्हेरिनला, दुसरं सर्बियात क्लादोवोजवळ. दोन्ही काठांवर अवशेष अजून आहेत. एवढ्या लांबीचा कमानींचा पूल पुढे हजारेक वर्षं कुणी बांधला नाही असं म्हणतात.

पण धागाकर्ते, एक गोची आहे. पूल झाला १०३ ते १०५ मध्ये. म्हणजे पहिलं युद्ध संपल्यावर! १०१ मध्ये सैन्य होड्यांच्या पुलांवरूनच पार गेलं. स्तंभाच्या तळाशी ते होड्यांचे पूल आहेत, आणि पाण्यातून वर आलेला दाढीवाला म्हातारा डान्यूब ते बघतोय.

पहिल्या युद्धाआधी झालं ते जास्त महत्त्वाचं. लोखंडी दरवाजा म्हणतात त्या घळीत नदीच्या दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. तिथे कड्यात खोबणी कोरून, तुळया रोवून, पाण्यावर अधांतरी लाकडी रस्ता काढला. तिथला शिलालेख इ.स. १०० चा आहे. १०१ मध्ये धोक्याच्या उतारांना वळसा घालणारा कालवा खणला. यामुळे काय झालं, तर पश्चिमेकडचं धान्य, दारूगोळ्याच्या जागी तेव्हा जे काय असेल ते, सगळं नदीने थेट आघाडीपर्यंत. सैन्य पोटावर चालतं, हे आमच्या साइटवरच्या कुठल्याही मुकादमाला विचारा.

अवांतर: तो शिलालेख आज मूळ जागी नाही. धरणाचं पाणी चढणार म्हणून कड्यातून कापून वर नेऊन बसवला. सर्बियाच्या बाजूला आहे, पण नीट दिसतो होडीतूनच.

लेखणी_हरवली

छान माहिती. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कुणीच सांगितली नाही. ट्राजन टापाएच्या दिशेने निघाला तेव्हा त्याच्याकडे एक भलीमोठी अळिंबी आणण्यात आली. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं: बुरी नावाच्या टोळीचा आणि इतर मित्रांचा सल्ला आहे की परत फिरा आणि शांतता राखा. ट्राजन अर्थातच फिरला नाही. लढाईत जखमी एवढे झाले की पट्ट्या संपल्या, तेव्हा त्याने स्वतःचे कपडे फाडून दिले, असं डिओ म्हणतो.

सुपारीफोड

अळिंबीवर मेसेज! दोन निळ्या टिका आल्या असतील, रिप्लाय नाही.

खडूस_पंतोजी

कपडे फाडून पट्ट्या वगैरे चांगल्या सम्राटाच्या कथेत येतातच. चवीपुरतं मीठ म्हणून घ्या.

रानजाई

उशिरा आले, पण मूळ प्रश्नाला हात घालते.

डोंगर अवघड असतो तो रस्ता एकच असेल तर. फुस्कसच्या वेळी रोमन एका बाजूने घुसले आणि कोंडीत सापडले. ट्राजनच्या पहिल्या युद्धात वेगवेगळ्या दिशांनी फौजा होत्या. लुसियस क्विएटसचे मूर घोडेस्वार दुसरीकडून. लाबेरियस मॅक्सिमसने एक गढी घेतली आणि डेसिबॅलसची बहीण पकडली. डेसिबॅलसकडे किल्ले भरपूर होते, पण ते सगळे एकदम वाचवायला माणसं कुठून आणणार?

त्याने उलटी चाल केली तीही झकास होती. १०१-१०२ च्या हिवाळ्यात रोक्सोलानी टोळीच्या घोडेस्वारांना बरोबर घेऊन त्याने डान्यूब खूप खाली ओलांडली आणि थेट मोएशियात घुसला. ट्राजनला आघाडी सोडून नदीने खाली धावावं लागलं. त्या भागात आदामक्लिसीला नंतर जे विजयस्मारक उभं राहिलं (१०९, मार्स अल्टर म्हणजे सूड घेणाऱ्या युद्धदेवाला अर्पण), ते स्तंभापेक्षा ओबडधोबड पण जास्त खरं वाटतं. दाचियनांची ती वाकडी, दोन हातांनी चालवायची फाल्क्स तलवार तिथे बघावी. तिच्या भीतीने रोमनांनी शिरस्त्राणावर आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि उजव्या हाताला चिलखती बाही चढवली. रोमच्या स्तंभावर ही बाही नाही! तिथले सैनिक परेडला निघाल्यासारखे.

म्हणून पंतोजींशी निम्मी सहमत. स्तंभ घासूनपुसून केलेला आहे. पण फावडं खोटं नाही.

डोंगरचा_मावळा

डोंगराळ मुलूख, दुर्गम किल्ले, समोर बलाढ्य साम्राज्य... डेसिबॅलस म्हणजे त्यांचा शिवाजी महाराजच की!

खडूस_पंतोजी

आला सह्याद्री. मी वाटच बघत होतो, यावेळी एवढा उशीर कसा झाला म्हणून. अहो, जगात जिथे टेकडी तिथे आपण भगवा लावून मोकळे. मुळात डेसिबॅलस गनिमी काव्यावर विसंबला नव्हता. टापाएला समोरासमोर लढला, तहात रोमकडून कारागीर मागून घेतले, किल्ल्यांच्या भिंतीही नव्या तंत्राने बांधल्या. त्याच्याच मापाने त्याला मोजा की.

डोंगरचा_मावळा

हलके घ्या पंतोजी. 😀

भटकी_शेळी

किल्ल्यांचं निघालंच आहे तर. सार्मिझेगेटुसा रेजिया म्हणजे डेसिबॅलसची राजधानी मी पाहिली आहे. ओराश्तिए गावावरून आत आत जात राहायचं. उंची साधारण १२०० मीटर, सगळं बीचचं जंगल. डोंगराचे उतार तासून पायऱ्यापायऱ्यांची सपाटी केलेली, त्यावर वस्ती आणि देवस्थानं. गोलाकार मोठं देवस्थान आहे, त्याचे आज उभे दिसणारे लाकडी खांब नव्याने बसवलेले. जवळच अँडेसाइट दगडाची गोल चकती, तिला ‘सूर्य’ म्हणतात.

भिंत बघायला गुडघ्यावर बसले. बाहेर-आत घडवलेल्या चिऱ्यांच्या दोन पाखी, मध्ये माती-दगडांचा भराव, आणि दोन्ही पाखी एकमेकींना लाकडी तुळयांनी बांधलेल्या. तुळई सुटू नये म्हणून चिऱ्याला टोकाला रुंद होत जाणारी खाच आहे. लाकूड कधीच कुजलं, खाचा मात्र बोट घालून बघता येतात. असे सहा किल्ले १९९९ पासून जागतिक वारशात आहेत.

एक लक्षात ठेवा. रोमनांनी नंतर वसवलेलं उल्पिया ट्रायाना सार्मिझेगेटुसा हे वेगळं, खाली सपाटीवर, साधारण ४० किलोमीटरवर. नकाशात ‘सार्मिझेगेटुसा’ टाकलं की आमच्यासारखे लोक चुकीच्या ठिकाणी उतरतात.

लेखणी_हरवली

मला डेसिबॅलसची बाजू पटते. १०२ च्या तहात शस्त्रं द्या, कारागीर परत करा, किल्ले पाडा, फितूर रोमन आमच्या हवाली करा... अशा अटींवर कुठला राजा गप्प बसेल? दुसरं युद्ध ट्राजनने लादलं.

खडूस_पंतोजी

लादलं कसं? डिओ म्हणतो, तो पुन्हा शस्त्रं जमवत होता, फितुरांना आसरा देत होता, किल्ले दुरुस्त करत होता, शेजाऱ्यांकडे दूत पाठवत होता आणि इयाझिगेस या शेजारच्या टोळीचा मुलूख बळकावून बसला होता. वर बोलणीच्या निमित्ताने बोलावून लॉन्जिनस या सेनानीला धरून ठेवलं आणि त्याच्या बदल्यात डान्यूबपर्यंतचा मुलूख आणि युद्धाचा खर्च मागितला. लॉन्जिनसने काय केलं माहिती आहे ना? आपल्या मुक्त केलेल्या गुलामाकडून विष मिळवलं, त्याला पत्र देऊन ट्राजनकडे रवाना केलं आणि रात्री विष पिऊन ओलीसपणाच संपवला. डेसिबॅलसने मग निरोप धाडला: तो माणूस परत द्या, लॉन्जिनसचं प्रेत आणि दहा कैदी घ्या. ट्राजनने माणूस दिला नाही.

लेखणी_हरवली

हे सगळं रोमन बाजूचंच ऐकतोय ना आपण? दाचियनांनी लिहिलेलं काहीच नाही. मघाशी तुम्हीच पुराव्याचा धडा दिलात.

सुपारीफोड

पंतोजी क्लीन बोल्ड.

खडूस_पंतोजी

नो बॉल.

नाणेघाट_एक्सप्रेस

सोन्याचं कुणीच काढलं नाही? सगळ्या युद्धाचं मूळ तिथे आहे.

खजिन्याची गोष्ट अशी: डेसिबॅलसने सार्गेशिया नदीचा प्रवाह वळवून पात्रात खजिना पुरला, वर दगड रचले, नदी पुन्हा पात्रात सोडली आणि काम करणाऱ्या कैद्यांना मारून टाकलं. बिकिलिस नावाच्या त्याच्याच साथीदाराने पकडला गेल्यावर जागा सांगितली. आकडा सहाव्या शतकातल्या लीडस या लेखकाने ट्राजनच्या वैद्याच्या, क्रिटोनच्या हवाल्याने दिलाय: ५० लाख पौंड सोनं, एक कोटी पौंड चांदी. रोमन पौंड ३२७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १६०० टनांवर सोनं. कार्कोपिनो या आधुनिक इतिहासकाराने एक शून्य जास्त पडलंय असं मानून १६५ टनांवर आणलं. तेही थोडं नाही. रोममध्ये १२३ दिवस खेळ, ११ हजार जनावरं मारली, १० हजार ग्लॅडिएटर उतरवले. रोममधला ट्राजनचा फोरम, म्हणजे भव्य सार्वजनिक चौक, लुटीच्या पैशातून.

आणि हो, आपला खराखुरा संबंध. ट्राजन रोमला परतल्यावर ठिकठिकाणचे दूत आले, त्यात भारतीयही होते, असं डिओ लिहितो. राजांकडून आलेल्या दूतांना खेळ बघायला सिनेटरांच्या जागेत बसवलं. पुढे ११६ मध्ये इराणी आखाताच्या टोकाशी भारताकडे निघालेलं जहाज बघून ट्राजन म्हणाला, तरुण असतो तर नक्की गेलो असतो.

डोंगरचा_मावळा

ते दूत सातवाहनांचे असणार. पैठणहून!

नाणेघाट_एक्सप्रेस

डिओ फक्त ‘भारतीय’ म्हणतो. त्या काळात पश्चिम किनाऱ्याचा रोमशी व्यापार जोरात होता आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली आहे, हे खरं. पण म्हणून दूत पैठणचे होत नाहीत.

रानजाई

सोनं हेच मूळ, हे मला पटत नाही. सोनं हा फायदा झाला. ट्राजन ९८ मध्ये गादीवर आला तेव्हा रोम एका डोंगरी राजाला दरसाल पैसे देत होतं आणि फुस्कसने गमावलेली आयुधं शत्रूकडे होती. सैनिक म्हणून वाढलेल्या सम्राटाला एवढं कारण पुरतं. ती आयुधं आणि निशाण पहिल्याच युद्धात परत मिळवल्याची नोंद आहे, ते उगाच नाही.

पण सोन्याचं पुढे काय झालं ते बघायचं तर रोशिया मोंताना, तेव्हाचं आल्बर्नस मायोर. खाणीत मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या आहेत, त्यांवर करारमदार. एक इ.स. १३९ चा: पासिया नावाची साधारण सहा वर्षांची मुलगी २०५ दीनारांना विकली. विकणारा-घेणारा दोघेही बहुधा इलिरियाकडचे. दुसऱ्या पाटीत एक मजूर ७० दीनार आणि जेवणावर खाणीत राबायला तयार होतो. आणि १६७ ची एक आहे: अंत्यविधीसाठी वर्गणी काढणारं मंडळ बंद करतोय, कारण ५४ सभासदांपैकी खाणीवर १७ च उरलेत. तिजोरीत पैसे नाहीत, आता कुणी मेलं तर आमच्याकडे मागायचं नाही. एवढ्या मोठ्या विजयानंतरची साठ वर्षं या तीन पाट्यांत दिसतात.

तिकडचा_इकडे

रानजाई, प्रतिसाद साठवून ठेवला.

मी इंग्लंडच्या उत्तरेला राहतो. हेड्रियनच्या भिंतीवर बर्डोस्वाल्ड म्हणून किल्ला आहे. तिथे दाचियनांची पलटण होती. हरलेल्या मुलखातली पोरं उचलून साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवायची, ही रोमनांची जुनी रीत. त्यांच्या शिलालेखावर फाल्क्स कोरलेली आहे. आणि एका लहान मुलाच्या थडग्यावर नाव आहे डेसिबॅलस.

लेखणी_हरवली

हे माहीत नव्हतं. सगळे दाचियन संपले असं वाचलं होतं.

खडूस_पंतोजी

युट्रोपियस हा रोमन इतिहासकार म्हणतो की दीर्घ युद्धाने दाचियात पुरुष उरले नव्हते, म्हणून ट्राजनने रोमन जगभरातून माणसं नेऊन वसवली. त्यावर मग कोण उरलं, कोण आलं, आजचे रोमानियन कोण, यावर तिकडे दोनशे वर्षं भांडण चालू आहे आणि त्यात हंगेरीवालेही आहेत. तो धागा इथे काढू नका, संपादकांना झोप लागू द्या.

सुपारीफोड

खुद्द राजाचं काय झालं शेवटी?

भटकी_शेळी

राजधानी पडल्यावर डोंगरात पळाला. रोमन घोडेस्वारांनी गाठलं तेव्हा स्वतःचा गळा चिरला. स्तंभावर तो झाडापाशी गुडघ्यावर आहे आणि घोडेस्वार खाली वाकून हात पुढे करतोय. त्या स्वाराचं नाव टायबेरियस क्लॉडियस मॅक्सिमस. त्याच्या थडग्याचा दगड १९६५ मध्ये ग्रीसमध्ये, फिलिपीजवळ सापडला. डेसिबॅलसचं शीर ट्राजनकडे रानिस्टोरमला नेऊन दिलं, असं त्याने लिहून ठेवलंय, वर चित्रही कोरून घेतलंय. शीर पुढे रोमला गेलं आणि जिन्यावर फेकलं गेलं.

कोरडा_पाऊस

धागा भरकटला पण मजा आली. पण माझा प्रश्न तसाच आहे: डोमिशियनला जमलं नाही ते ट्राजनला कसं जमलं?

मुळामुठा

माझ्या मते दोन युद्धांची उत्तरं वेगवेगळी. पहिलं नदी आणि रस्त्याने. दुसऱ्यात पूल होता, म्हणजे बर्फ वाहून येवो की पूर येवो, रसद थांबत नाही. होड्यांचा पूल हिवाळ्यात भरवशाचा नसतो.

रानजाई

अजून एक. पहिल्या युद्धात डेसिबॅलसबरोबर बुरी होते, रोक्सोलानी होते. दुसऱ्या वेळी त्याने दूत पाठवले, पण फारसं कुणी आलं नाही. इयाझिगेसचा मुलूख त्याने आधीच घेतलेला, ते तर रोमच्या बाजूलाच. त्याचे स्वतःचे लोक शरण जात होते. स्तंभावर दुसऱ्या भागात दाचियन एका भांड्याभोवती जमलेत, कुणी म्हणतं विष पितायत, कुणी म्हणतं उरलेलं पाणी वाटून घेतायत. काहीही असो, मदतीला कुणी येणार नाही हे त्यांना कळलंय. डोमिशियनला ही सवडच मिळाली नाही, दुसऱ्या आघाड्या पेटल्या म्हणून त्याला ८९ मध्ये तह करावा लागला. तेव्हा फावडं हवंच, पण ते हातात धरून पाच वर्षं बसायला मोकळीक हवी. ट्राजनला ती होती.

खडूस_पंतोजी

हे उत्तर मान्य. फक्त एवढं जोडा: १६५-१७० वर्षांनी ऑरेलियन सम्राटाने प्रांत सोडून दिला आणि डान्यूबच्या अलीकडे परत आला. त्या पुलावरचं लाकूडकाम तर ट्राजनच्या लगेच नंतरच्या हेड्रियननेच काढून टाकलं होतं. डिओ म्हणतो, पलीकडचे लोक पुलावरून अलीकडे येतील या भीतीने.

मुळामुठा

माझा एवढा मोठा पूल आणि दुसऱ्याच साहेबाने तोडला. आमच्याकडे निदान उद्घाटनापर्यंत तरी थांबतात.

डोंगरचा_मावळा

@भटकी_शेळी, पुढच्या वर्षी जायचं डोक्यात आहे. मुक्काम कुठे करावा? ट्रेक अवघड आहे का?

भटकी_शेळी

मुक्काम ओराश्तिए किंवा देव्हा. ट्रेक असा नाहीच, गाडी बऱ्यापैकी वर जाते, मग थोडं चालणं. चांगले बूट घाला, पावसात पानांवरून पाय सटकतो. हिवाळ्यात जाऊ नका. सोन्याची कडी बघायची असतील तर बुखारेस्टचं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय. याच जंगलातून चोरट्यांनी खणून परदेशी विकलेली, साधारण किलो-किलोची कडी सरकारने परत मिळवली आहेत. जाण्याआधी मांडलेली आहेत का ते विचारून घ्या, कारण जानेवारी २०२५ मध्ये त्यातली तीन नेदरलँड्सला प्रदर्शनात असताना पुन्हा चोरीला गेली.